आकाशाच्या साक्षी तपासणारा ज्योतिर्विद : प्रो. ॲलन हायनेक

ता. २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. गुढ्या उतरून झाल्या होत्या, दिवेलागण होऊन गेली होती आणि मंडळी अंगणात व गच्चीवर वारा घेत बसली होती. इतक्यात महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतील लोकांनी आकाशातून जळत जाणारी एक लांबच लांब ठिणग्यांची माळ पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी पेटलेले विमान म्हटले, कोणी क्षेपणास्त्र म्हटले, आणि परग्रहावरील पाहुण्यांचे नाव घेणारेही निघाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी ह्या गावी धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा हा वरचा भाग पृथ्वीच्या वातावरणात परत शिरताना जळाला, असा निष्कर्ष अवकाशतज्ज्ञांनी काढला, आणि कोड्याचा उलगडा झाला.

परंतु कडे हाती लागले नसते तर? मग लोकांच्या सांगण्यावर कितपत विश्वास ठेवावा? पाहणारा खोटा नसेल, पण चुकला असेल काय? आणि सर्व चुका वजा केल्यावर काही शिल्लक राहिलेच, तर त्याला काय म्हणावे? हे प्रश्न एका विद्वान गृहस्थांच्या मेजावर वीस वर्षांहून अधिक काळ येत होते, आणि तेही सैनिकांच्या व वैमानिकांच्या जबान्यांच्या रूपाने. त्यांचे नाव प्रोफेसर जोसेफ ॲलन हायनेक. उडत्या तबकड्यांची गोष्ट निघाली की त्यांचे नाव निघतेच. पण त्यांचे खरे मोठेपण तबकड्यांत नाही. ते कशात आहे हे आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस कळावे, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हायनेक ह्यांचा जन्म ता. १ मे १९१० रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. हीच १ मे आपण महाराष्ट्र दिन म्हणून पाळतो, आणि १९९९ साली परभणीपासून निराळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तोही ह्याच तारखेस. त्यांचे आईवडील चेक वंशाचे होते. बालपणी त्यांस स्कार्लेट फीवर नावाचा सांसर्गिक ज्वर आला आणि कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. आई त्यांस पुस्तके वाचून दाखवीत असे. मुलांची पुस्तके संपली तेव्हा पाठ्यपुस्तके हाती घेतली गेली, आणि त्यांत एक खगोलशास्त्राचे निघाले. आजाऱ्याची करमणूक म्हणून उघडलेल्या त्या पुस्तकाने मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली. घरात वाचून दाखविण्याची चाल ज्यांनी अजून ठेवली आहे, त्या आमच्या पालकवर्गाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिकागो विद्यापीठातून १९३१ साली त्यांनी पहिली पदवी मिळविली, आणि यर्किस वेधशाळेत अभ्यास करून १९३५ साली ते डॉक्टर झाले. भिंगाच्या दुर्बिणींपैकी जगातील सर्वांत मोठी दुर्बीण ह्याच वेधशाळेत होती, आणि १९३७ पासून आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हेही तेथेच काम करू लागले. हायनेक १९३६ पासून ओहायो राज्याच्या विद्यापीठात अध्यापन करू लागले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांची घटना ओळखणे हा त्यांचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेले. लक्ष्याच्या नुसते जवळ येताच तोफेचा गोळा आपोआप फुटावा, अशी रेडिओची युक्ती तेथे सिद्ध होत होती, आणि त्या कार्यात त्यांनी भाग घेतला. युद्ध संपताच ते पुन्हा आपल्या ताऱ्यांकडे व विद्यार्थ्यांकडे परतले.

येथवर हे एका अभ्यासू प्राध्यापकाचे सरळ चरित्र झाले. त्यास वळण लागले ते १९४७ च्या उन्हाळ्यात. ता. २४ जून रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर ह्या पर्वताजवळ विमान चालवीत असता केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकास नऊ चकाकणाऱ्या वस्तू अत्यंत वेगाने जाताना दिसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांस उडत्या तबकड्या हे नाव दिले, आणि थोड्याच दिवसांत देशभरातून तशाच वार्ता येऊ लागल्या. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि रशियाशी वैराला आरंभ झाला होता. ही शत्रूची नवी विमाने तर नव्हेत, अशी शंका सैन्याच्या अधिकाऱ्यांस येणे स्वाभाविक होते. म्हणून अमेरिकन हवाई दलाने १९४८ च्या आरंभी चौकशीचे एक खाते उघडले. त्याचे पहिले नाव प्रोजेक्ट साइन, पुढे ग्रज, आणि १९५२ पासून ब्लू बुक.

हे खाते ओहायोमधील डेटन येथील हवाई तळावर होते. आकाशात दिसणाऱ्या वस्तूंपैकी ग्रहतारे कोणते आणि उल्का कोणत्या, हे सांगावयास एक ज्योतिर्विद हवा होता, आणि हायनेक ह्यांचे विद्यापीठ तेथून फारसे दूर नव्हते. अशा रीतीने १९४८ साली हे काम त्यांच्याकडे चालत आले. त्या वेळी त्यांस हा सारा प्रकार युद्धानंतरचे एक खूळ वाटत होता, आणि चारदोन वर्षांत तो आपोआप विरून जाईल असा त्यांचा होरा होता.

कामाची रीत अशी होती. कोणी काय पाहिले ह्याचा अहवाल आला की प्रथम स्थळ, तारीख, वेळ, दिशा व क्षितिजापासूनची उंची ही टिपावयाची. मग त्या क्षणी त्या दिशेस कोणता ग्रह होता, कोणता तेजस्वी तारा उगवत वा मावळत होता, कोठे उल्का पडली होती, हवामानखात्याने फुगा सोडला होता काय, एखादे विमान त्या मार्गाने गेले होते काय, हे ताडून पाहावयाचे. शुक्र हा सर्वांत मोठा फसविणारा ठरला. क्षितिजाजवळ तो लुकलुकतो, रंग बदलतो, आणि पाहणारा मोटारीत असेल तर तो आपल्या बरोबरीने धावतो आहे असा भास होतो. आलेल्या अहवालांपैकी सुमारे तृतीयांशांचा उलगडा केवळ ज्योतिषशास्त्राने होतो, असे हायनेक ह्यांच्या पहिल्या तपासणीत दिसून आले.

परंतु प्रत्येक उलगडा इतका सोपा नव्हता, आणि एका प्रकरणात तर मनुष्याचा प्राण गेला होता. ता. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात आकाशात काहीतरी मोठे व चकचकीत दिसत असल्याची खबर आली. कॅप्टन थॉमस मँटेल हा पंचवीस वर्षांचा वैमानिक त्याच्या पाठीवर गेला. प्राणवायूची सोय नसतानाही तो वीस हजार फुटांच्या वर चढत राहिला. बहुधा त्याची शुद्ध हरपली, विमान कोसळले, आणि तो मृत्यू पावला. तो शुक्राच्या मागे लागला असावा, असे प्रथम सांगण्यात आले. पण भर दुपारी शुक्राचा ठिपका इतका ठळक दिसणे कठीण. पुढे असे मानले जाऊ लागले की तो नौदलाचा स्कायहुक नावाचा अतिप्रचंड फुगा असावा. हे फुगे गुप्त होते. त्यांची माहिती ना मँटेलला होती, ना त्यास वर पाठविणाऱ्यांना. ह्यावरून दोन बोध मिळतात. घाईने दिलेले उत्तर शास्त्राच्या नावाने दिले तरी ते घाईचेच असते. आणि एका खात्याचे गुपित दुसऱ्या खात्याच्या मनुष्याचा घात करू शकते.

१९५२ च्या जुलै महिन्यात खुद्द वॉशिंग्टन राजधानीच्या वरच्या आकाशात रडारवर अनोळखी खुणा उमटल्या आणि एकच गवगवा झाला. त्याच सुमारास हायनेक ह्यांनी एक निराळी चौकशी केली. त्यांनी चाळीसहून अधिक ज्योतिर्विदांस खाजगी रीतीने विचारले की, तुम्ही स्वतः कधी असे काही पाहिले आहे काय? पाच जणांनी होकार दिला. प्लूटोचा शोध लावणारे क्लाइड टॉम्बॉ हे विचारलेल्यांपैकी एक होते. उलगडा न झालेली वस्तू पाहूनही विद्वान लोक ती जाहीर करीत नाहीत, कारण त्यांस उपहासाचे भय वाटते, हे ह्या चौकशीत हायनेक ह्यांच्या ध्यानी आले. उपहासाने साक्षीदार गप्प बसतात आणि सत्याच्या शोधास खीळ बसते, हा विचार येथून त्यांच्या मनात रुजला.

मध्यंतरी त्यांच्या हातून एक मोठे आणि निर्विवाद कार्य घडले. १९५६ साली ते स्मिथसोनियन वेधशाळेत गेले व कृत्रिम उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्या योजनेची धुरा त्यांनी वाहिली. ह्या कामासाठी बनविलेले बारा प्रचंड कॅमेरे जगभर बसविण्यात आले, आणि त्यांतील एक आपल्या देशात नैनीताल येथे होता. शिवाय हौशी निरीक्षकांची पथके तयार करण्यात आली. त्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, सामान्य नागरिकही होते. ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुतनिक सोडला, तेव्हा आकाशातील त्या फिरत्या बिंदूची वेळ व दिशा टिपण्यास ही मंडळी पुढे सरसावली. नीट शिकविले तर सामान्य मनुष्यही आकाशाची विश्वसनीय साक्ष देऊ शकतो, ही गोष्ट येथे सिद्ध झाली. पुढे १९६० साली ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्राचे मुख्य झाले. टोकदार दाढी, तोंडात चिलीम आणि शांत बोलणे, ह्या रूपाने ते पुढे सर्वत्र ओळखले जाऊ लागले.

ब्लू बुकचे काम चालूच होते. आरंभी हायनेक कोणत्याही अहवालाचा उलगडा करून टाकण्यास उत्सुक असत. पण वर्षे जात चालली तसे त्यांस दिसू लागले की ज्यांचा उलगडा होत नाही ते अहवाल वेड्या वा खोडकर माणसांचे नसून पुष्कळदा वैमानिकांचे, पोलिसांचे व रडार चालविणाऱ्यांचे असतात. ता. २४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील सोकोरो गावाबाहेर एका पोलीस शिपायाने अंड्याच्या आकाराची वस्तू व तिच्या खालून निघणारी ज्वाळा पाहिल्याचे सांगितले. हायनेक स्वतः तेथे गेले, जमिनीवरच्या खुणा पाहिल्या, शिपायाची उलटतपासणी केली, आणि तो मनुष्य प्रामाणिक आहे अशी त्यांची खात्री झाली. हवाई दलाच्या दप्तरी ते प्रकरण अनिर्णित म्हणूनच नोंदले गेले.

त्यांच्या कसोटीची घटका मात्र १९६६ च्या मार्चमध्ये आली. मिशिगन राज्यात डेक्स्टर व हिल्सडेल ह्या गावांजवळ शेकडो लोकांनी रात्री विचित्र दिवे पाहिले, आणि त्यांत एका कॉलेजच्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थिनीही होत्या. हवाई दलाने हायनेक ह्यांस तातडीने पाठविले. ता. २५ मार्च रोजी डेट्रॉइट येथे वार्ताहरांच्या गर्दीपुढे त्यांस काहीतरी सांगणे भाग पडले. दिसलेल्या दिव्यांपैकी काही दलदलीतील कुजलेल्या पाल्यातून निघणाऱ्या वायूचे असावेत, असा तर्क त्यांनी पुष्कळ अटी घालून मांडला. असे दिवे खरोखर असतात, आणि खेड्यापाड्यांत लोक त्यांस भुताचे दिवे समजतात. पण वर्तमानपत्रांनी अटी गाळल्या व दलदलीचा वायू तेवढा ठळक अक्षरांत छापला. देशभर हशा पिकला, व्यंगचित्रे निघाली. ज्यांनी दिवे पाहिले होते त्यांस आपला अपमान झाला असे वाटले. प्राध्यापकांचे नाव त्या एका शब्दास कायमचे चिकटले.

दुसरा एखादा मनुष्य अशा वेळी हट्टास पेटला असता किंवा तोंड लपवून बसला असता. हायनेक ह्यांनी दोन्ही केले नाही. मिशिगनच्या लोकांनी आपले प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्याकडे दाद मागितली, आणि ता. ५ एप्रिल १९६६ रोजी लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे चौकशी झाली. तेथे हायनेक ह्यांनी सांगितले की ह्या विषयाचा अभ्यास हवाई दलाबाहेरील शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे करावा. त्याच वर्षी सायन्स ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी हेच मत जाहीर केले. ज्या खात्याचे ते अठरा वर्षे सल्लागार होते, त्याच्याच रीतीत उणीव आहे, आणि त्या रीतीत आपलाही वाटा होता, हे कबूल करण्यास मोठे धैर्य लागते. पन्नाशी उलटलेल्या नामांकित प्राध्यापकास तर ते अधिकच लागते.

त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन ह्यांच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली. ह्या विषयाच्या अधिक अभ्यासाने शास्त्रास काही लाभ होईलसे वाटत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. त्याला अनुसरून डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झाले. सर्व वर्षांत मिळून १२,६१८ अहवाल आले होते, आणि त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिले. म्हणजे शेकडा सुमारे साडेपाच. ह्या वस्तूंपासून राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका दिसला नाही आणि त्या परग्रहावरील वाहने असल्याचा पुरावाही मिळाला नाही, असे हवाई दलाने जाहीर केले. पुढे ही सारी दप्तरे राष्ट्रीय अभिलेखागारात आली, आणि १९७६ पासून, साक्षीदारांची नावे झाकून, ती कोणाही नागरिकास पाहावयास खुली झाली. त्यांच्या सूक्ष्मचित्रफितींची ९४ रिळे आहेत. बंद कपाटातील कागद लोकांपुढे आले, आणि हवाई दलाने कोठे नीट शोध घेतला व कोठे नुसते शेरे मारले, हे ज्याचे त्याला पाहता येऊ लागले.

हायनेक ह्यांनी काम सोडले नाही. १९७२ साली त्यांनी ह्या विषयावर एक ग्रंथ लिहून अहवालांचे वर्गीकरण केले. दुरून दिसलेले रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या आणि रडारवर व डोळ्यांनी एकदमच दिसलेल्या वस्तू असे तीन वर्ग, आणि जवळून घडलेल्या प्रसंगांचे आणखी तीन. ह्या वर्गीकरणावरूनच १९७७ साली स्टीव्हन स्पिलबर्ग ह्यांच्या प्रसिद्ध चित्रपटाचे नाव पडले, आणि त्यात प्रोफेसर स्वतः क्षणभर पडद्यावर दिसतात. १९७३ साली त्यांनी ह्या अभ्यासाची एक खाजगी संस्था स्थापिली, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातही आपला विषय मांडला. उत्तरायुष्यात त्यांचे काही तर्क पुराव्याच्या पुढे धावले, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे, आणि ते आम्हांस अयोग्य वाटत नाही. चरित्र लिहिणाराने नायकाच्या चुका झाकू नयेत. झाकल्या तर आपणही अटी गाळणाऱ्या त्या वर्तमानपत्रांच्याच पंक्तीस बसू.

ता. २७ एप्रिल १९८६ रोजी ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे मेंदूतील गाठीच्या विकाराने ते निवर्तले. येथे एक विलक्षण योग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचा जन्म झाला तेव्हा हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळून नुकताच गेला होता. आणि सुमारे शहात्तर वर्षांनी तोच धूमकेतू फिरून येऊन परत जात असता त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे त्यांची रीत राहिली. २०१२-१३ साली लडाखच्या सरहद्दीवर आपल्या सैनिकांनी रात्री वारंवार तेजस्वी वस्तू पाहिल्या. त्या शेजारच्या देशाच्या हेरगिरीच्या असाव्यात असा संशय आला. तेव्हा बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांस विचारण्यात आले, आणि त्या वस्तू गुरु व शुक्र हे ग्रह असल्याचे निष्पन्न झाले. जवानांची नजर चुकली नव्हती. त्यांनी दिसले ते लिहून ठेवले, म्हणूनच उलगडा होऊ शकला. अमेरिकेतही २०२१ च्या जून महिन्यात सरकारने १४४ अहवालांचा गोषवारा प्रसिद्ध केला, त्यांतील एकाचाच खात्रीने उलगडा झाला होता, आणि तो हवा जात चाललेला एक मोठा फुगा निघाला. बाकीचे माहिती अपुरी म्हणून तसेच ठेवले गेले. परग्रहावरील यंत्रांचा पुरावा कोणत्याही सरकारी चौकशीत मिळाला नाही, असे तेथील संरक्षणखात्याने मार्च २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. अनोळखी ह्या शब्दाचा अर्थ आपण अद्याप ओळखले नाही एवढाच होय; त्याचा अर्थ परग्रहवासी असा होत नाही, आणि खोटे असाही होत नाही.

हा धडा आम्हां हिंगोलीकरांस विशेष लागू आहे. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो नावाची प्रयोगशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीस २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी तिची कोनशिला बसली. चार चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपतील. त्या लहरी इतक्या सूक्ष्म असतात की रस्त्यावरचा ट्रक किंवा सोसाट्याचा वारा सुद्धा यंत्रास फसवू शकतो. म्हणून एका ठिकाणची थरथर शास्त्रज्ञ खरी मानीत नाहीत. हजारो मैल दूर असलेल्या दुसऱ्या यंत्रानेही तीच साक्ष दिली, तरच मानतात. अमेरिकेतील अशा दोन यंत्रांनी ता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. त्यांतील एक यंत्र वॉशिंग्टन राज्यात आहे, म्हणजे अर्नोल्डने नऊ वस्तू पाहिल्या त्याच राज्यात. तेथे एका माणसाचे दोन डोळे होते, येथे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. प्रगती ती हीच.

विद्यार्थी मित्रहो, रात्री शेतावरून परतताना तुम्हांस आकाशात काही नवल दिसले, तर प्रथम घड्याळ पाहा, दिशा पाहा, क्षितिजापासून किती हात वर ते पाहा, आणि घरी येताच लिहून ठेवा. तर्क मागाहून करा. आणि दुसऱ्या कोणी असे काही पाहिल्याचे सांगितले, तर हसू नका. त्यासही हेच प्रश्न विचारा. हॅलेचा धूमकेतू २०६१ साली पुन्हा येणार आहे. आज ह्या शाळेच्या बाकांवर बसणारी आमची बहुतेक मुले तेव्हा तो पाहण्यास असतील. त्या वेळी त्यांच्यापैकी कोणी वही घेऊन अंगणात उभा राहिला आणि त्याने खरी वेळ व खरी दिशा टिपली, तर प्रोफेसर हायनेक ह्यांचे चरित्र आम्ही सांगितले त्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.